बीपीचा रकाना

ऑगस्ट २०२२. पोळ्याला दोन दिवस होते. बाबा ओसरीत बसून बैलांच्या शिंगांना लावायचा रंग कालवत होते. मधेच त्यांनी खर्र्याची पुडी उचलली आणि ती हातातून पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मी हसले. "बाबा, आता खर्राच तुम्हाला सोडून चालला," असं काहीतरी म्हणाले. त्यांनी मान वर करून उत्तर दिलं, पण त्या उत्तरातला एकही शब्द मला कळला नाही. दारू प्यायलेल्या माणसासारखी जीभ जड झाली होती. माझे बाबा दारू पीत नाहीत.

दहा-बारा मिनिटांत सगळं होतं तसं झालं. हात हलायला लागला, बोलणं साफ झालं. आईने लिंबू-पाणी दिलं. बाबा म्हणाले, "काई नाई, उन्हानं झालं." ते खरंच चांगले दिसत होते. तरी मी शेजारच्या दादाची मोटरसायकल मागितली आणि त्यांना मागे बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. आमच्या गावापासून ते ११ किलोमीटरवर आहे.

गावाचं आणि केंद्राचं नाव मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की आमचं गाव वैनगंगेच्या काठाशी आहे. नदीच्या एका बाजूला चंद्रपूर, दुसऱ्या बाजूला गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. कागदावर जिल्हे वेगळे झाले तरी धानाच्या बांध्या, मामा तलाव, जंगल आणि दवाखान्याची वाट दोन्हीकडे सारखीच आहे. नाव न देण्याचं कारण साधं आहे. पुढच्या महिन्यात मला बाबांच्या गोळ्या आणायला तिथेच जायचं आहे.

त्या दिवशी ओपीडीत सत्तर-ऐंशी लोक तरी असतील. ताप, खोकला, कुत्रा चावलेला एक मुलगा, दोन गरोदर बाया. डॉक्टर एकच, वयाने माझ्यापेक्षा फार तर दोन-तीन वर्षांनी मोठे. आमचा नंबर दीड तासाने लागला. मी म्हणाले, "सर, यांना बीपी आहे. सकाळी यांचा हात लुळा पडला होता, बोलताना जीभ अडखळत होती."

"आता कसं वाटतं काका?"

"आता बरा हावो जी."

डॉक्टरांनी बाबांना हात वर करायला सांगितला. बाबांनी केला. "अशक्तपणा आहे. उन्हात फिरू नका, पाणी प्या." कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी विचारलं, "बीपी बघता का सर?" ते सिस्टरकडे बघून म्हणाले, "बघून घ्या." सिस्टरने मशीन काढलं, पट्टा बांधला, पंप दाबला. पट्ट्यातून हवा सुटत होती. दोनदा करून बघितलं आणि मशीन परत ठेवून दिलं. मग एक सलाईन आणि ताकदीचं इंजेक्शन झालं. बीपीच्या गोळ्या विचारल्या तर खिडकीतून उत्तर आलं, "संपल्या. सोमवारी या, नाहीतर बाहेरून घ्या."

आम्ही घरी आलो. आई म्हणाली, "सायेब म्हनते तं बराच असल." मलाही तेच ऐकायचं होतं.

पोळा झाला. बाबांनी बैल तोरणाखाली नेले.

त्यानंतर १९ दिवसांनी पहाटे आई मला उठवायला आली. बाबा अंथरुणावर डोळे उघडे ठेवून पडले होते, तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय दगडासारखे. मी १०८ला फोन लावला. गाडी पाऊण तासाने आली. तालुक्याला नेलं, तिथे सिटी स्कॅन नव्हतं, म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. स्कॅन झालं तेव्हा अकरा वाजले होते. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती.

ती गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन असतं, हे मला त्या दिवशी कळलं. ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माणूस झोपेत असताना झटका आला, तर तो शेवटचा कधी चांगला दिसला तेव्हापासून तास मोजतात. बाबा रात्री साडेनऊला झोपले होते. म्हणजे आम्ही झोपेतून उठायच्या आधीच ती वेळ टळून गेली होती.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "याआधी असं काही झालं होतं का?"

"हो. १९ दिवसांपूर्वी. दहा मिनिटं."

"तेव्हा बीपी किती होतं?"

मला सांगता आलं नाही.

मॅडमनी समजावून सांगितलं, की ती दहा मिनिटं म्हणजे छोटा झटका होता. तो आपोआप जातो म्हणून लोक सोडून देतात. पण त्यानंतरच्या काही दिवसांत आणि आठवड्यांत मोठा झटका यायचा धोका सगळ्यात जास्त असतो. तेव्हाच तपासणी झाली, बीपी आटोक्यात आणलं, रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली, तर पुष्कळदा पुढचं टळतं. "टळलंच असतं असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी हे वाक्य मुद्दाम जोडलं हे मला कळत होतं. पण त्यानंतर कितीतरी रात्री मला त्यांचं आधीचंच वाक्य ऐकू यायचं.

*

मी तेव्हा २५ वर्षांची होते. पुण्यात दोन वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून, लॉकडाऊनमध्ये गावी परत आले होते. पुन्हा जायचं ठरत होतं. ते तिथेच थांबलं. भाऊ चंद्रपूरला कंपनीत कंत्राटावर आहे, त्याच्या पगारावर घर चालणार होतं, म्हणून राहायचं मी असं ठरलं. खरं तर कुणी ठरवलं नाही, तसं होत गेलं.

माणूस सांभाळणं म्हणजे काय, हे आधी मला माहीत नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखम होते. घास डाव्या गालात द्यायचा. पाणी चमच्याने, बसवूनच. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून संडासची सोय करायची. बापाला आंघोळ घालताना पहिल्या आठवड्यात मी दुसरीकडे बघायचे आणि तेही दुसरीकडे बघायचे. नंतर सवय झाली. दाढी मी चांगली करते आता.

सगळ्यात अवघड बोलण्याचं होतं. झटक्यानंतर बाबांचे शब्द गेले. एकच शब्द उरला, "हो." दुखतं का? हो. नाही ना दुखत? हो. भूक लागली? हो. जेवायचं नाही का? हो. त्यांना आतून सगळं कळत होतं, म्हणून चुकीचं "हो" तोंडातून निघालं की ते डाव्या हाताने कपाळ बडवायचे. मग आम्ही डोळ्यांची भाषा बसवली. एकदा मिटले तर होकार, दोनदा मिटले तर नकार.

शेत ठेक्याने दिलं. बैल विकले. ब्रह्मपुरीला आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीला नेत होतो, गाडीचं भाडं परवडेना म्हणून पुढे व्यायाम मीच शिकले. लोक भेटायला यायचे. कुणी जडीबुटीवाल्याचा पत्ता द्यायचं, कुणी म्हणायचं, "पोरगी असून करते बाप्पा." सगळे एक प्रश्न मात्र नक्की विचारायचे, "बीपी होता का?" होता. २०१९ला गावातल्या तपासणीत सापडला होता. १७० आणि ११०. तेव्हापासून गोळी चालू होती.

"चालू होती" या दोन शब्दांत सगळं बसत नाही. आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळायच्या दहा किंवा पंधरा दिवसांच्या. त्या आणायला एक दिवसाची मजुरी बुडायची. कधी डॉक्टर मीटिंगला, कधी गोळ्या संपलेल्या. तीन वर्षांत चार डॉक्टर बदलले. प्रत्येक वेळी नवा केसपेपर, पुन्हा तोच प्रश्न, "किती वर्षांपासून आहे?" मागच्या वेळी बीपी किती होतं हे कुठल्याच कागदावर नसायचं, कारण मागचा कागद कुणाकडेच नसायचा.

*

डिसेंबरात, बाबा आधाराने बसायला लागले तेव्हा, मी आरोग्य केंद्रात गेले. भांडायलाच गेले होते. रात्री अर्ज लिहून काढला होता, त्यात "हलगर्जीपणा" हा शब्द चार वेळा आला होता.

ते डॉक्टर नव्हते. त्यांची मुदत संपली होती, ते पुढच्या शिक्षणाला निघून गेले होते. नव्या मॅडम रुजू होऊन आठच दिवस झाले होते. मी सिस्टरला म्हणाले, मला त्या दिवसाचं रजिस्टर बघायचं आहे. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग बाबा कसे आहेत ते विचारलं, मग जुनं रजिस्टर काढलं.

पोळ्याच्या दोन दिवस आधीची तारीख. अनुक्रमांक ४८. बाबांचं नाव, गाव, वय ५६. तक्रारीच्या जागी लिहिलं होतं, "जनरल विकनेस". उपचाराच्या जागी सलाईन आणि इंजेक्शन. मधे एक छोटा रकाना होता, वर छापलं होतं "बीपी". तो रिकामा होता. मी पान मागे-पुढे उलटून बघितलं. त्या पानावर, मागच्या पानावर, पुढच्या पानावर, सगळ्यांचाच तो रकाना रिकामा होता. फक्त गरोदर बायांच्या नावापुढे आकडे होते.

"रकाना हाये नं ताई, मशीन नाई," सिस्टर म्हणाल्या. "दोन महिने झाले होते मागनी करून. बाळंतपनाच्या खोलीतली मशीन आनून बायांचा तेवढा बघत होतो."

त्यांनी हे सफाई द्यायला सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं मला माहीत असावं. मी अर्ज पिशवीतच ठेवला. नंतर घरी येऊन तो पुन्हा लिहिला. त्यातून डॉक्टरांवरची वाक्यं काढली नाहीत. दहा मिनिटं जीभ अडखळली हे ऐकून त्यांनी पुढे पाठवायला हवं होतं, त्याला मशीन लागत नाही. पण खाली आणखी तीन मुद्दे घातले: मशीन, गोळ्यांचा साठा, महिनाभराच्या गोळ्या. अर्ज तालुक्याला दिला. तीन महिन्यांनी उत्तर आलं, की संबंधितांना सूचना देण्यात आल्या आहेत.

*

रात्री बाबा झोपले की मी मोबाइलवर वाचत बसायचे. आपल्यासोबत जे झालं ते आपल्यासोबतच झालं का, हे शोधत होते.

नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंचा दोन वर्षं अभ्यास केला होता. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण निघालं स्ट्रोक, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो तो. दर सात मृत्यूंमध्ये एक. आणि त्यातले बहुतेक जण घरीच गेले होते, दवाखान्यात नाही.

मी हे पुन्हा पुन्हा वाचलं. गडचिरोली म्हटलं की बाहेरच्या लोकांना मलेरिया आठवतो, साप, वाघ, नक्षलवाद आठवतो. आम्हालाही तसंच वाटतं. आमच्याकडे वाघाने माणूस नेला तर रस्ता अडवला जातो, वनखात्याचे साहेब येतात, पेपरात फोटो येतो. लकव्याने गेलेल्या माणसाची बातमी होत नाही. वय झालं होतं, असं म्हणतात. बाबा ५६ वर्षांचे होते.

आमची आरोग्य केंद्रं कशासाठी उभी राहिली तेही वाचलं. १९४६च्या भोर समितीच्या अहवालातून ही कल्पना आली. आज नियम असा आहे, की सपाट भागात ३० हजार लोकांमागे आणि आदिवासी, डोंगराळ भागात २० हजार लोकांमागे एक केंद्र. ही केंद्रं साथ, बाळंतपण, लसीकरण यासाठी घडली आणि ती कामं त्यांनी केली. मला स्वतःला तिथेच लस टोचली आहे. पण ताप येतो आणि जातो. बीपी येतं आणि राहतं. त्याला तोच माणूस वीस वर्षं महिन्याच्या महिन्याला आला पाहिजे, त्याची गोळी तिथे असली पाहिजे, आणि मागच्या महिन्याचा आकडा कुणीतरी बघितला पाहिजे. डॉक्टर बदलले तरी आकडा राहिला पाहिजे.

हे अशक्य आहे का? २०१७ साली केंद्र सरकारने आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटनेसोबत उच्च रक्तदाबाचा एक कार्यक्रम सुरू केला. त्यात फार मोठं काही नाही: सगळ्यांना एकच ठरलेली उपचारपद्धत, गोळ्यांचा पुरेसा साठा, ३० दिवसांच्या गोळ्या, नर्सलाही काम वाटून देणं आणि प्रत्येक रुग्णाच्या आकड्यांची नोंद. महाराष्ट्रात पहिल्यांदा तो चार जिल्ह्यांत आला. सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा आणि भंडारा. भंडारा आमच्या शेजारी आहे. आमच्याकडच्या सोयरिकी तिकडे होतात.

आणि आमच्या जिल्ह्याला तर हे शिकवायलाही नको होतं. 'सर्च'ने गावातल्याच, कमी शिकलेल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. ३९ गावांत हे काम झालं, नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या कामात आलं. बाळाचं वजन लिहून ठेवणारी बाई बापाचं बीपीही लिहून ठेवू शकते. तिला मशीन द्यावं लागेल आणि त्या कामाचे पैसे द्यावे लागतील.

*

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

२०२२च्या जुलैत आमच्याकडे पूर आला होता. चंद्रपूर-गडचिरोलीत कितीतरी रस्ते बंद होते, आमचा नालाही दिवसेंदिवस पाण्याखाली होता. त्यात रोवणी. बाबांच्या गोळ्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात संपल्या. मला माहीत होतं. रिकामी पट्टी मीच चुलीत टाकली होती. पूर ओसरल्यावर बाबा म्हणाले, "मले काई होत नाई, रोवना झाल्यावर आनू." मी हो म्हटलं. बाहेर ती पट्टी वीस-तीस रुपयांना मिळते. त्या महिन्यात मी मोबाइलचा रिचार्ज केला होता.

म्हणजे पोळ्याच्या आधी बाबा जवळजवळ दीड महिना गोळीशिवाय होते. हे मी त्या डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही हे खरं. पण त्यांनी विचारलं नाही म्हणून मला बरं वाटलं होतं, हेही खरं.

माझ्या अर्जात हा मुद्दा नव्हता. सुरुवातीला मला वाटायचं, हे कबूल केलं तर माझी तक्रारच खोटी ठरेल. आता तसं वाटत नाही. माणसं गोळ्या सोडतात. पूर आला की सोडतात, पैसे नसले की सोडतात, काही होत नाही म्हणून सोडतात. ते गृहीत धरूनच कुणीतरी विचारायचं असतं, "या महिन्यात का नाही आलात?" दवाखान्याने ते विचारलं नाही. घरात मीही विचारलं नाही.

*

बाबा आता काठी घेऊन ओसरीतून अंगणापर्यंत जातात. शब्द थोडे परत आले, पंचवीस-तीस असतील. "चाय" म्हणतात, माझं नाव घेतात, आईवर रागावतात. मागच्या हिवाळ्यात भावाने त्यांना शेजारच्या गावी झाडीपट्टीचं नाटक बघायला नेलं. रात्रभर खुर्चीत बसून राहिले. विनोदी पात्र आलं तेव्हा बरोबर जागेवर हसले, असं भाऊ सांगत होता. खर्रा सुटला आहे. म्हणजे आम्ही देत नाही.

मी बीपीचं मशीन विकत घेतलं. एक दोनशे पानी वही केली. दर रविवारी सकाळी बाबांचं, आईचं बीपी मोजून तारखेसह लिहिते. आईचं १५० निघालं, तिलाही गोळी सुरू झाली. हळूहळू गल्लीतले लोक यायला लागले. आज वहीत १४ नावं आहेत. मी डॉक्टर नाही, गोळी सांगत नाही. आकडा लिहून चिठ्ठी देते आणि म्हणते, ही दाखवा. आशाताई कधी कधी वही बघून जातात. स्पर्धा परीक्षेचा अर्ज मी यंदा पुन्हा भरला आहे. वही कोण सांभाळेल हे अजून ठरलेलं नाही.

तुम्ही पुण्यात, नागपूरला, कुठेही बसून हे वाचत असाल, तर घरी फोन लावून दोन गोष्टी विचारा. बीपी शेवटचं कधी मोजलं आणि गोळ्या किती उरल्या आहेत. "बरं आहे" या उत्तरावर थांबू नका, आकडा विचारा. आणि तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं अडखळलं, यातलं काहीही झालं तर दहा मिनिटांत बरं झालं तरी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. कुणी अशक्तपणा म्हटलं तर पुन्हा विचारा.

गेल्या सोमवारी बाबांना घेऊन मी आरोग्य केंद्रात गेले. पुन्हा नवे डॉक्टर होते. त्यांनी केसपेपर पुढे ओढला आणि विचारलं, "किती वर्षांपासून आहे?" मी वही उघडून टेबलावर ठेवली. त्यांनी दोन-तीन पानं उलटली, थोडा वेळ वाचलं, मग सिस्टरला मशीन आणायला सांगितलं. या वेळी पट्ट्यातून हवा सुटली नाही. १३८ आणि ८६. त्यांनी रजिस्टर ओढून तो आकडा रकान्यात लिहिला. मी वाकून बघितलं.

गोळ्या पंधरा दिवसांच्याच मिळाल्या. महिन्याच्या द्या म्हटलं, तर साठा कमी आहे म्हणाले. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं आहे.